‘आंतरपृष्ठ’ की ‘बोली’?

विचारणा अशी आहे: सॉफ्टवेअरवरच्या पुस्तकाचं मराठी करताना ‘इंटरफेस’ला ‘आंतरपृष्ठ’ लिहिलं, पण सेवांच्या (म्हणजे एकमेकींकडून कामं करून घेणाऱ्या प्रोग्रामांच्या) इंटरफेसचा सिद्धांत सांगताना शब्द अडतो. दुसरा आहे का?

अडणारच. पडद्यावरच्या बटणांना पृष्ठ म्हणा हवं तर. (तोंडी ‘आंतरपृष्ठ’ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.) हा सिद्धांत अटींचा आहे. दोन सेवांचं एकमेकींशी जमेल का, हे त्यांच्या पोटात न डोकावता आधीच ताडायचं. त्यासाठी प्रत्येकीनं सांगायचं, मी काय धरून चालते आणि कशाची हमी देते. याला मराठीत ‘बोली’ आहेच. ‘परत करायच्या बोलीवर पैसे दिले’ यातली.

आमच्या सांगलीच्या गावभागातली गिरणी घ्या. “दळण निवडून आणा, ओलं नको, चारला पीठ मिळेल.” उद्या गिरणी दुसऱ्यानं चालवायला घेतली आणि तो म्हणाला, “न निवडलेलंही चालेल, तीनला देतो,” तर कुणाचंच बिघडत नाही. पण “पाच किलोच्या खाली घेणार नाही” म्हणाला, की शेजारच्या आजींचा दोन किलोचा डबा तसाच घरी. एका सेवेच्या जागी दुसरी बसवताना हाच नियम: मागणं सैल झालं तर चालतं, आवळलेलं चालत नाही; आणि देणं ढिलं झालेलंही चालत नाही. संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह आणि जॅनेट विंग यांनी १९९४ मध्ये प्रोग्राममधल्या वस्तुप्रकारांसाठी (ऑब्जेक्ट टाइप्ससाठी) हे काटेकोर मांडलं.

‘करार’ वाईट नाही. संगणकशास्त्रज्ञ बर्ट्रांड मेयर यांच्यामुळे प्रोग्रामिंगमध्ये ‘कॉन्ट्रॅक्ट’ रुळलाच आहे. पण कराराला दोन्ही पक्ष समोर लागतात. सेवा आपली बोली एकटीच सांगून बसते, गिऱ्हाईक कोण येणार ते ठाऊक नसताना.

बोलीत क्रमही येतो: आधी दळण ठेवायचं की आधी पैसे? डब्ल्यूएसडीएल या वेब-सेवांचं वर्णन लिहायच्या भाषेत निरोपांचा आकार कळतो, असा क्रम नाही. लुका द आल्फारो आणि थॉमस हेन्झिंगर यांनी २००१ मध्ये ‘इंटरफेस ऑटोमॅटा’त (पायरीमागून पायरी दाखवणाऱ्या नमुन्यांत) तोच धरला. त्यांची कसोटी उदार आहे: दोन सेवांना नीट वापरून घेणारं एखादं जरी भवताल (म्हणजे भोवतालची बाकीची यंत्रणा) असू शकत असेल, तरी त्या जुळल्या.

खोट एकच. बोली म्हणजे बोलीभाषाही, आणि आमच्या हळदीच्या सौद्यातली बोली वेगळीच. म्हणून शीर्षकात ‘इंटरफेस’च ठेवा, अटींचा विषय निघेल तिथं ‘सेवेची बोली’ लिहा. आणि ‘कंपॅटिबल’ला ‘सुसंगत’ नको. बोली जुळते किंवा जुळत नाही.