सबवे आली की सबवे तुंबला? न्यूयॉर्कच्या गाडीचं मराठी

एका वाचक भगिनी न्यूयॉर्कमध्ये राहून आलेल्या नातेवाइकाच्या इंग्रजी आठवणी मराठीत आणत आहेत. एका परिच्छेदापाशी त्या अडल्या. त्यांचा मसुदा असा: 'भुयारी रेल्वेच्या स्टेशनात उतरलो. डाउन लोकल पकडली. युनियन स्क्वेअरला फलाट ओलांडून एक्सप्रेस घेतली. कंडक्टरनं डोकं बाहेर काढून पाहिलं, दारं लागली आणि थोड्याच वेळात गाडी पुलावरून नदी ओलांडू लागली.' त्या विचारतात, भुयारी रेल्वे म्हटलं तर ती पुलावर कशी चढली? आणि घरच्यांनी हे वाचलं तेव्हा ही मंडळी लोकल सोडून एक्सप्रेसनं बाहेरगावी निघाली असं त्यांना का वाटलं?

मसुद्यातला एकही शब्द कोशात चुकीचा ठरणार नाही. तरीही ओळीओळीला चकवा आहे. कारण हे शब्द मराठीत आधीच रेल्वेच्या कामाला लागलेले आहेत, आणि इथलं त्यांचं काम वेगळं आहे. गाड्यांच्या वेडापायी मी या दोन्ही शहरांच्या रेल्वेबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे, म्हणून उत्तर थोडं लांबणार.

आधी 'सबवे'. मुंबईकराला सबवे म्हटलं की मिलन सबवे, अंधेरी सबवे, खार सबवे आठवतात. रुळांखालून जाणारा रस्ता, जो जोराच्या पावसात हमखास तुंबतो. हा अर्थ ब्रिटिश इंग्रजीतून आला. लंडनमध्ये सबवे म्हणजे पादचाऱ्यांचा भुयारी मार्ग, आणि रेल्वेला तिथे अंडरग्राउंड किंवा ट्यूब म्हणतात. ब्रिटनमध्येच ग्लासगो शहरात मात्र १८९६ साली सुरू झालेली गोल फिरणारी रेल्वे सबवे म्हणूनच ओळखली जाते. न्यूयॉर्कनंही २७ ऑक्टोबर १९०४ रोजी आपली पहिली भुयारी गाडी सोडली तेव्हा तिला सबवेच म्हटलं. पुढे जाळं पसरलं, आधीपासून उंचावर धावणारे मार्गही त्यात आले, आणि नाव सगळ्यांना मिळून एकच राहिलं. आज तिथल्या ४७२ स्थानकांपैकी सुमारे ६० टक्केच जमिनीखाली आहेत. ब्रुकलिनमधलं स्मिथ-नाइन्थ स्ट्रीट्स हे स्थानक एका कालव्यावर सुमारे २७ मीटर उंचीवर आहे, तर मॅनहॅटनच्या उत्तर भागातलं १९१ वा रस्ता हे स्थानक पन्नास मीटरहून अधिक खोल. दोन्हीकडे जाणारी ती सबवेच. लंडनच्या अंडरग्राउंडचंही तेच: निम्म्याहून अधिक मार्ग उघड्यावर.

म्हणून 'भुयारी रेल्वे' हे वर्णन आहे, नाव नाही. मुंबईच्या आरे ते कफ परेड या मेट्रो ३ ला ते चपखल बसतं, कारण तिच्या २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली आहेत. पुण्यात शिवाजीनगर ते स्वारगेट या टप्प्यालाही बसतं. न्यूयॉर्कच्या सगळ्या जाळ्याला ते लावलं की पहिल्याच पुलावर वाक्य अडखळतं. 'भूमिगत' मला त्याहून कमी आवडतो. मराठीत भूमिगत म्हटलं की बेचाळीसच्या चळवळीतली, पोलिसांना गुंगारा देणारी माणसं डोळ्यांपुढे येतात, आणि तो मान त्या शब्दाकडेच राहू द्यावा.

मग सरळ 'मेट्रो' का म्हणू नये? लंडनमध्ये १८६३ साली जगातली पहिली भुयारी रेल्वे चालवणाऱ्या कंपनीचं नाव मेट्रोपॉलिटन रेल्वे होतं. पॅरिसनं १९०० साली आपल्या रेल्वेला तसंच नाव दिलं, बोलण्यात ते आखडून 'मेत्रो' झालं आणि जगभर गेलं. आपल्याकडे कोलकात्यातून १९८४ साली तेच आलं. एरवी मेट्रो चाललंही असतं, पण न्यूयॉर्कात ग्रँड सेंट्रलहून उत्तरेच्या उपनगरांकडे जाणारी मेट्रो-नॉर्थ ही वेगळी रेल्वे आहे. पुढच्या एखाद्या प्रकरणात तिचा उल्लेख आला की वाचकाचा गोंधळ उडेल.

माझा सल्ला: 'सबवे'च ठेवा, आणि तिला स्त्रीलिंगी करा. मराठीत गाडीला जे नाव मिळतं ते गाडीचं लिंग घेतं. लोकल आली, मेट्रो सुटली, डबलडेकर गेली. रस्त्याचा सबवे मात्र पुल्लिंगी: तो भरला, तो बंद झाला. 'सबवे बंद पडला' म्हटलं तर पाणी भरलेलं दिसतं, 'सबवे बंद पडली' म्हटलं तर स्टेशनात थांबलेली गाडी. इंग्रजीला जी सोय नाही ती आपल्याला एका मात्रेत मिळते. पहिल्या उल्लेखाला 'सबवे रेल्वे' लिहा, पुढे 'सबवे' पुरे.

खरी गोम आहे ती 'लोकल' आणि 'एक्सप्रेस'मध्ये. मुंबईत लोकल म्हणजे उपनगरी गाडी. तिच्या पलीकडे असतात त्या मेल-एक्सप्रेस, म्हणजे बाहेरगावच्या गाड्या. 'एक्सप्रेस घेतली' वाचून तुमच्या घरच्यांना बाहेरगाव आठवलं ते म्हणूनच. न्यूयॉर्कात दोन्ही शब्द एकाच सबवेच्या पोटातले आहेत. प्रत्येक स्टेशन घेत जाणारी ती तिथली लोकल, मधली स्टेशनं सोडत जाणारी ती एक्सप्रेस. म्हणजे मुंबईच्या बोलीत स्लो आणि फास्ट! रेल्वेच्या घोषणांतल्या मराठीत धिमी आणि जलद. हे जुळणं वरवरचं नाही. १९०४ च्या पहिल्याच मार्गावर न्यूयॉर्कनं शहाण्णवाव्या रस्त्यापर्यंत शेजारी शेजारी चार रूळमार्ग टाकले, दोन धिम्या गाड्यांना आणि दोन जलद गाड्यांना. मुंबईच्या मध्य आणि पश्चिम रेल्वेचं गणितही हेच. आपल्या मेट्रोत मात्र येणारा एक आणि जाणारा एक मार्ग असतो, प्रत्येक गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबते, फास्ट नावाचा प्रकारच नाही. म्हणून मी आग्रहानं म्हणतो, न्यूयॉर्कची सबवे मराठीत आणायची तर शब्द मेट्रोकडून घेऊ नका, मुंबईच्या लोकलकडून घ्या. गाडी बोगद्यातून जाते की पुलावरून, यापेक्षा ती कशी चालवली जाते यावर तिची भाषा ठरते.

तिथे एक्सप्रेस ही गाडीची जात नसून धावण्याची पद्धत आहे. 'ए' नावाची गाडी दिवसा मॅनहॅटनमध्ये १२५ व्या रस्त्यावरून निघाली की मधली सात स्टेशनं सोडून थेट ५९ व्या रस्त्यावर थांबते. तीच ए रात्री उशिरा सगळी स्टेशनं घेते. क्वीन्स भागात सात नंबरच्या गाडीच्या उन्नत मार्गावर बराच भाग तीन रूळमार्ग आहेत. मधला फास्टसाठी, आणि तो गर्दीच्या दिशेनं वापरतात: सकाळी मॅनहॅटनकडे, संध्याकाळी परत. या सात नंबरच्या फास्टची पाटी चौकोनी हिऱ्याच्या आकाराची, स्लोची गोल. मुंबईत 'अमुक स्टेशनापर्यंत स्लो, पुढे फास्ट' असं म्हणणाऱ्या माणसाला यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही.

चार मार्गांचा आणखी एक उपयोग. न्यूयॉर्कची सबवे रात्रभर चालते, त्यामुळे दुरुस्तीला हक्काची रात्र मिळत नाही. मग दोन मार्ग बंद करून गाड्या उरलेल्या दोनांवर वळवतात, बहुधा रात्री किंवा शनिवार-रविवारी. तुमच्या मजकुरात असा प्रसंग आला तर बेधडक 'मेगाब्लॉक' लिहा. इंग्रजी सुटे भाग जोडून मुंबईच्या रेल्वेनं घडवलेला हा शब्द आता पुरता मराठी झाला आहे.

'फलाट ओलांडून' मध्ये मात्र दोन शहरांतला खरा फरक लपला आहे. मुंबईत दोन्ही धिमे मार्ग एका बाजूला आणि दोन्ही जलद मार्ग दुसऱ्या बाजूला. त्यामुळे स्लोतून त्याच दिशेच्या फास्टमध्ये जायचं तर बहुतेक ठिकाणी पूल चढावा लागतो. न्यूयॉर्कच्या जुन्या चौपदरी मार्गांवर एकाच दिशेची स्लो आणि फास्ट एकाच फलाटाच्या दोन बाजूंना लागतात. चार पावलं टाकली की बदल झाला. 'फलाट ओलांडला' वाचून मराठी वाचक मनातल्या मनात जिना चढू लागेल. 'त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूला' असं लिहिलं की चित्र बरोबर उभं राहतं.

सगळ्यात मोठा घोटाळा 'डाउन'चा, आणि तो तुम्ही विचारलेलाही नाही. मूळ इंग्रजीत 'डाउनटाउन' असणार. मॅनहॅटनमध्ये अपटाउन म्हणजे उत्तरेकडे, डाउनटाउन म्हणजे दक्षिणेकडे, जिथे वॉल स्ट्रीट आणि जुन्या कचेऱ्या आहेत. मुंबईही उत्तर-दक्षिण लांबट, तिच्याही जुन्या कचेऱ्या दक्षिण टोकाला. पण मुंबईत सीएसएमटी किंवा चर्चगेटकडे जाणारी गाडी अप आणि तिथून कल्याण-विरारकडे निघालेली ती डाउन. म्हणजे न्यूयॉर्कचं डाउनटाउन आपल्या हिशेबानं अप ठरतं. तुमची 'डाउन लोकल' डोंबिवलीकराच्या मनात नेमकी उलट्या दिशेला धावते. तिथे अप-डाउनच्या वाटेला न जाता सरळ 'दक्षिणेकडे जाणारी' लिहा.

आता कंडक्टर. मराठीत कंडक्टर म्हटलं की एसटी किंवा बेस्टचा, तिकीट देणारा माणूस. सबवेचा कंडक्टर तिकिटाला हातही लावत नाही. तो दारं उघडतो-लावतो, घोषणा करतो, गाडी सुटताना फलाटावर नजर ठेवतो. त्याची केबिन बहुतेक गाड्यांत मध्यावर असते. फलाटाच्या मध्याजवळ त्याच्यासाठी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक फळी टांगलेली असते. गाडी थांबली की तो त्या फळीकडे बोट दाखवतो आणि मगच दारं उघडतो. गाडी पूर्ण फलाटात आली आहे याची ती खूण. मुंबईच्या लोकलमध्ये या कामाच्या जवळचा माणूस म्हणजे शेवटच्या डब्यातला गार्ड. त्यानं दोन घंटा दिल्या की मोटरमन गाडी सोडतो. रेल्वेनं २०२२ साली गार्डचं पदनाम 'ट्रेन मॅनेजर' केलं, पण प्रवाशांच्या तोंडी गार्डच आहे. तुम्हीही 'गार्ड' लिहा. मोटरमन तर न्यूयॉर्कातही पूर्वी मोटरमनच म्हणवला जाई, त्यामुळे तो शब्द निर्धास्त वापरता येईल.

हे सगळं धरून परिच्छेद असा होईल: 'सबवेच्या स्टेशनात उतरलो. दक्षिणेकडे जाणारी स्लो पकडली. युनियन स्क्वेअरला त्याच फलाटाच्या दुसऱ्या बाजूला फास्ट लागली होती, तीत चढलो. गार्डनं डोकं बाहेर काढून पाहिलं, दारं लागली आणि थोड्याच वेळात गाडी पुलावरून नदी ओलांडू लागली.' आजच्या मार्गांप्रमाणे ही 'क्यू' गाडी असू शकते. ती युनियन स्क्वेअरनंतर दोन स्टेशनं सोडून कनाल स्ट्रीटला थांबते आणि लगेच मॅनहॅटन ब्रिजवर चढते.

पुढे 'तिसरा रूळ' येण्याचा संभव आहे, तो जपून. सबवेला डोक्यावरची तार नाही. रुळांच्या बाजूनं जाणाऱ्या तिसऱ्या रुळातून सुमारे ६०० व्होल्टची वीज मिळते, जशी कोलकाता मेट्रोला ७५० व्होल्टची मिळते. मराठी वाचकाला मात्र 'तिसरी लाइन', 'तिसरी मार्गिका' हे बातम्यांतून पाठ झालेलं असल्यानं तो जादा रूळमार्ग समजेल. 'विजेचा रूळ' म्हणा. त्यावर पाय पडला तर जीव जातो हे त्या शब्दात आपोआप आलं.

आणि 'क्यू लाइन' असं लिहू नका, 'क्यू गाडी' लिहा. न्यूयॉर्कात अक्षर किंवा आकडा हे गाडीच्या फेरीचं नाव असतं, रुळांचं नव्हे. क्यू मॅनहॅटनमध्ये बराच वेळ ब्रॉडवेच्या मार्गावर धावते आणि नदीपलीकडे ब्रायटनच्या. सीएसएमटी-गोरेगाव गाडी वडाळ्यानंतर वळून माहीमपासून पश्चिम रेल्वेच्या हद्दीत धावते, तरी लोक तिला हार्बरच म्हणतात, तसंच हे.