डिशवॉशर गळतोय? लगेच मेकॅनिकला बोलावू नका

आधी प्लग काढा, नळ बंद करा आणि फरशी कोरडी पुसून घ्या. मग प्लग लावून, नळ उघडून रिकामं मशीन कमी वेळाच्या वॉश सायकलवर लावा आणि समोरच बसा. पाणी दारातून येतंय, मागून की खालून, एवढंच बघायचं.

दारातून येत असेल तर घाबरू नका, बहुतेकदा कारण साधं असतं:

- दाराच्या रबरावर, विशेषतः खालच्या कडेला, तेल-मसाल्याचा थर. कोमट पाण्याच्या फडक्याने पुसा.
- भांडी घासायचं साधं लिक्विड टाकलंय का? नवीन माणसं हे हमखास करतात. त्याचा फेस दारातून बाहेर येतो. डिशवॉशरचंच डिटर्जंट वापरा.
- कढईचा दांडा फिरत्या फवाऱ्याला अडला की पाण्याचा मारा थेट दारावर. मशीन लावण्याआधी फवारा हाताने फिरवून बघा.
- मशीन पुढे कललंय का? पाय फिरवून लेव्हल करा.

मागून गळत असेल तर नळाच्या जोडातला वॉशर बघा. स्वस्तातली वस्तू आहे. एम-सील फासू नका, पुढे जोड उघडताना रडाल.

खालून येत असेल तर मात्र मशीन उघडू नका, सर्व्हिसवाल्याला बोलवा. पंप, सेन्सर वगैरे सध्या राहू द्या.