खेळण्यांचा दवाखाना : सोनेरी माणूस आणि स्पिरिटची बाटली

प्रश्न : आमचं घर गावभागात. २०१९च्या पुरात तळमजल्यावरचं कपाट पाण्यात गेलं. त्यातल्या एका डब्यात मामांनी १९८० साली अमेरिकेहून आणलेली ‘स्टार वॉर्स’ची दोन खेळणी होती, एक सोनेरी माणूस आणि एक ठेंगणा रोबो. डबा परवा उघडला. चिखल वाळून घट्ट बसलाय. भाचा म्हणतो, ‘पायावर १९७७ लिहिलंय, लाखभर येतील, स्पिरिटनं पुसून घे.’ पुसू का?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : ताई, आधी भाच्याच्या हातातली बाटली काढून घ्या. सोनेरीवरचं सोनं म्हणजे प्लॅस्टिकवर बसवलेला धातूचा अगदी पातळ थर. मिरजेत आमच्या शेजारी सतारी बनवतात. लाखेच्या पॉलिशला स्पिरिट लागलं की काय होतं ते त्यांना विचारा. इथं तर तो थर घरच्या घरी परत चढवताही येत नाही. कापसाचा बोळा साध्या पाण्यात बुडवून पिळा आणि चिखलावर नुसता ठेवा. पाच मिनिटांनी उचला. घासू नका, कृष्णेच्या गाळात बारीक वाळू असते. सांध्यांत मऊ ब्रश फिरवा, लहान मुलांचा दात घासायचा चालेल.

ठेंगण्याचं मात्र वेगळं आहे. त्याच्या पोटावरची निळी नक्षी म्हणजे स्टिकर. मी शहाणपणा करून असाच एक रोबो साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवला होता. परत येऊन पाहिलं तर स्टिकर पापडासारखा वर तरंगत होता. तुमचा पुरातून अजून चिकटलेला असेल तर नशीबच म्हणायचं. पोटाला कोरडा ब्रश, फक्त चंदेरी डोक्याला ओला बोळा. मग डोकं हळूच फिरवून बघा, टकटक आवाज यायला हवा. नाही आला तर आत गाळ आहे. जोर लावू नका, माझ्याकडे आणा.

आता लाखाचं. पायावरचं १९७७ हे हक्काचं, म्हणजे कॉपीराइटचं साल, बनवल्याचं नव्हे. नंतरच्या वर्षांत निघालेल्या मालावरही तेच साल असायचं. मोठ्या रकमांच्या बातम्या येतात त्या बहुतेक दुकानातल्या मूळ पुठ्ठ्यावरून कधी काढलीच नाहीत अशा खेळण्यांच्या. या धंद्यात पुठ्ठ्याला भाव. त्याची सुरुवातही तशीच गमतीची आहे. सिनेमा १९७७च्या मे महिन्यात आला आणि एवढा चालला की केनर कंपनीची खेळणी नाताळपर्यंत तयारच होईनात. मग त्यांनी काय विकावं? पुठ्ठ्याचं पाकीट! आत खेळणी नाहीत, थोडे स्टिकर वगैरे आणि एक कूपन. ते कूपन पोस्टानं पाठवायचं आणि पुढच्या वर्षी चार बाहुल्या घरपोच. आपल्याकडे कुणी असं विकलं असतं तर दुकानापुढे बोंब झाली असती. त्या चारांत तुमचा ठेंगणा होता, सोनेरी नव्हता.

तुमची जोडी पावणेचार इंची मापातली, खेळलेली आणि वर पूर पाहिलेली. लाख विसरा. भाचा खेळणार असेल तर ठेंगणा द्या, सोनेरी नको. घामट बोटांनीसुद्धा त्याचा मुलामा उडतो.

प्रश्न : जत्रेत दिव्याची तलवार दीडशेला मिळते. नातू तीन वर्षांचा आहे. घेऊ का?
— एक आजोबा, तासगाव

उत्तर : आजोबा, दिवा बघू नका, मूठ उलटी करा. बटण सेलचं, म्हणजे बटणासारख्या चपट्या सेलचं, झाकण स्क्रूनं बंद असलं पाहिजे. नखानं उघडत असेल तर तिथंच ठेवून या. तो सेल पोटात गेला तर थेट हॉस्पिटल गाठावं लागतं. आयएसआयचा शिक्काही शोधा, १ जानेवारी २०२१पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर तो सक्तीचा आहे. जत्रेतल्या बहुतेक तलवारींवर मला तरी तो दिसलेला नाही. आणि एक घेतलीत तर दुसरीही घ्यावी लागेल, समोरून लढायला तुम्हीच असणार.