सांगलीहून दोन वर्षांसाठी टोकियोला राहायला जायचं आहे. दोघंही शाकाहारी, जपानी येत नाही. रोजच्या जगण्याची काय तयारी करावी?

भाषेची धास्ती थोडी बाजूला ठेवा. टोकियोत नवीन माणसाचं घोडं भाषेपेक्षा कामांचा क्रम चुकल्यामुळे जास्त अडतं.

नारिता किंवा हानेदा विमानतळावरच रेसिडेन्स कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र) हातात मिळतं, पण त्यावर पत्ता नसतो. घर ठरून राहायला गेलात की १४ दिवसांच्या आत त्या भागाच्या वॉर्ड ऑफिसात (तिथं त्याला ‘कुयाकुशो’ म्हणतात) पत्ता नोंदवायचा. तो कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून मिळतो. त्याच दिवशी ‘जूमिनह्यो’, म्हणजे रहिवासी दाखला, दोन-तीन प्रतींत काढून ठेवा. पत्नीची नोंद करताना नातं सिद्ध करणारा कागद लागतो. विवाह नोंदणीचा मूळ दाखला आणि त्याचं जपानी भाषांतर सांगलीतूनच घेऊन निघा, तिथून मागवायला लागलं तर महिना जातो.

पत्ता झाला की फोन, फोन झाला की बँक. बँक जपानी फोन नंबर मागते आणि फोन कंपनी पत्ता असलेलं कार्ड मागते, म्हणून उलट्या क्रमानं गेलात तर दोन्हीकडून परत फिराल. मधल्या दिवसांसाठी फक्त डेटाचं सिम पुरतं.

आता नावाचं. आपल्या पासपोर्टात बहुधा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं आणि कार्डावर ते सगळं सलग छापून येतं, आडनाव आधी. बँकेत मात्र नाव काताकाना लिपीत नोंदवतात. जपानीत ‘ल’ नाही, त्यामुळे ‘पाटील’चं ‘पातिरु’ होतं. कुणी मधला स्वर लांबवून ‘पातीरु’ लिहितं. ही दोन वेगळी नावं धरली जातात आणि पगाराचं ट्रान्सफर त्यावरून परत जाऊ शकतं. पहिल्याच दिवशी एक स्पेलिंग पक्कं करा, फोनमध्ये फोटो काढून ठेवा आणि सगळीकडे तेच द्या.

घराला सुरुवातीलाच भाड्याच्या चार-पाच पट पैसे लागू शकतात. डिपॉझिट (शिकीकिन), मालकाला द्यायची आणि परत न मिळणारी रक्कम (रेइकिन), एजंटची फी, जामीन कंपनीची फी, विमा आणि पहिलं भाडं असं सगळं एकदम येतं. ‘यूआर’ या सरकारी संस्थेच्या घरांना रेइकिन, एजंट फी आणि जामीनदार लागत नाही, दोन महिन्यांचं डिपॉझिट द्यावं लागतं. माझ्या मते कंपनी घर देत नसेल तर आधी तिथंच चौकशी करावी. खोली अगदी रिकामी मिळते. छताला दिवा नाही, पडदे नाहीत, बऱ्याचदा शेगडीही नाही.

शेगडी घेताना गॅस कोणता ते आधी विचारा. शहरी पाइपगॅस आणि प्रोपेन यांच्या शेगड्या वेगळ्या असतात आणि एका गॅसची शेगडी दुसऱ्या गॅसवर चालत नाही. गॅस सुरू करायला माणूस येतो तेव्हा घरात कुणीतरी लागतं, म्हणून वेळ आधी ठरवून घ्या, नाहीतर पहिले दोन दिवस गार पाण्यानं आंघोळ. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर कामाचा नाही, इंडक्शन बुडाचा स्टीलचा न्या. मिक्सर मात्र नेऊ नका. तिथं वीज १०० व्होल्टची, आपला मिक्सर २३० चा. मोटर नीट फिरत नाही, चटणी जाडीभरडी राहते. चार्जरवर १००–२४० लिहिलेलं असेल तर तो चालतो, फक्त दोन चपट्या पिनांचा प्लग लागेल.

तिखट फोडणी करताना पंखा लावा आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. वॉलपेपरला वास आणि तेलाचा थर बसला की घर सोडताना डिपॉझिटमधून कापतात. तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही. दुकानात तेल गोठवणारी पावडर मिळते, ती गरम तेलात मिसळून थंड होऊ द्यायची आणि वडीसारखं निघालेलं तेल जळाऊ कचऱ्यात टाकायचं.

कचऱ्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण शेजारी तुम्हाला त्यावरूनच ओळखणार. इथं घंटागाडी आली की पिशवी घेऊन खाली धावतो. तिथं वार ठरलेले असतात आणि बहुतेक ठिकाणी सकाळी ८ च्या आत ठरलेल्या जागी पिशवी ठेवायची असते, कावळे फाडू नयेत म्हणून जाळीखाली. जळाऊ कचरा साधारण आठवड्यातून दोनदा जातो. प्लास्टिक, बाटल्या, डबे, कागद यांचे वार वॉर्डाप्रमाणे वेगळे, म्हणून वॉर्ड ऑफिसातून इंग्रजी तक्ता मागून घ्या. पाण्याच्या बाटलीचं झाकण आणि लेबल काढून ते प्लास्टिकमध्ये, बाटली विसळून चेपून वेगळी. चुकलं तर पिशवी चिठ्ठी लावून तिथंच ठेवतात, आणि ती कुणाची हे इमारतीत सगळ्यांना समजतं. कोणतीही बाजू साधारण ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी असलेली वस्तू मोठ्या कचऱ्यात जाते. त्यासाठी आधी नोंदणी करून दुकानातून २०० किंवा ३०० येनची तिकिटं घ्यायची आणि वस्तूला चिकटवायची. टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन आणि एसी यातही घेत नाहीत, त्यांची पुनर्वापराची फी वेगळी भरावी लागते. फुकट मिळाला म्हणून जुना फ्रीज घेताना हे लक्षात ठेवा.

खाण्यात अडचण मांसापेक्षा ‘दाशी’ची आहे. हा वाळवलेल्या माशाचा अर्क मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपमध्ये, उदोन या जाड शेवयांच्या रश्शात, शिजवलेल्या भाज्यांत, सॉसमध्येही असतो. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर समोर मासा येतो. वाक्य पाठ करा: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन. दाशी मो दामे देसु.’ मांस-मासे खात नाही, दाशीही नको. कोंबू या समुद्री शेवाळाची दाशी शाकाहारी असते, पण ती फक्त कोंबूचीच आहे का हे विचारावं लागतं. पाकिटांवर मोबाइलचा भाषांतर कॅमेरा धरून ‘अर्क’ हा शब्द शोधा, त्याच्या आधी बहुतेकदा कोंबडी, डुक्कर किंवा मासा लिहिलेला असतो.

सांगलीच्या गणपती पेठेतला मसाला, हळद, भडंग आणि बेदाणा बंद पाकिटांतून न्या. ताजा कढीपत्ता, आंबा, कुठलंही ताजं फळ आणि मांसाचं काहीही नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. डाळी, कणीक, तांदूळ निशी-कासाई भागातल्या भारतीय दुकानांत मिळतात. डॉक्टरांनी दिलेली औषधं विनापरवाना एक महिन्याचीच नेता येतात. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त आहे, त्या अजिबात नाहीत.

निशी-कासाईत पुष्कळ भारतीय राहतात, तिथं घर घ्यायचा मोह होईल. पण तो एदोगावा वॉर्ड आहे, आणि त्याची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पुराचा आकडा ५७ फुटांवर जाताना आपण पाहिलंय, तेव्हा तुम्हाला वेगळं सांगायला नको. पूर नकाशा बघून वरचा मजला घ्या.

भूकंपाचं नाव काढलं की सातारा-सांगलीकडच्या माणसाला ११ डिसेंबर १९६७ चं कोयनानगर आठवतं. टोकियोत लहान धक्के नेहमीचेच. धक्का मोठा असला की गॅस मीटर आपोआप बंद होतो आणि लोक गॅस गेला म्हणून घाबरतात. सगळी उपकरणं बंद करा, गॅसचा वास येत नाही ना बघा. दाराबाहेरच्या मीटरवरचं झाकण काढून बटण खोलवर दाबून सोडा, लाल दिवा लुकलुकेल. तीन मिनिटं काहीही न लावता थांबा. दिवा विझला की गॅस सुरू. वास येत असेल तर बटणाला हात लावू नका, खिडक्या उघडा आणि मीटरवरच्या नंबरवर फोन करा.

एक पैशांचं राहिलं. रहिवासी कर आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर लागतो, म्हणून पहिल्या वर्षी बहुधा कापला जात नाही आणि पगार भरघोस दिसतो. पुढच्या जूनपासून तो सुरू होतो, करपात्र उत्पन्नाच्या साधारण १० टक्के. सांगलीतल्या कर्जाचा हप्ता ठरवताना पहिल्या वर्षाचा नाही, त्या जूननंतरचा पगार धरा.