मॅडम, नोटरीचा कोर्स कुठे असतो?

पदवी झालेली मुलं, त्यातही मुली, हल्ली हा प्रश्न वरचेवर माझ्याकडे सल्ल्यासाठी घेऊन येतात. भरती निघत नाही, मुंबईला जायचं नाही आणि कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेले नोटरी तर रोज दिसतात. एक शिक्का, एक रजिस्टर, समोर चार माणसं उभी. हे आपल्यालाही जमेल, असं वाटणं साहजिक आहे.

कुडाळ तालुक्यातली एक मुलगी अशीच वडिलांना घेऊन आली (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). बी.कॉम. झालेली, आपले सरकार सेवा केंद्रात दिवसभर उत्पन्नाचे आणि डोमिसाईलचे अर्ज भरणारी. खुर्चीत बसता बसताच तिने मोबाइलवरची एक जाहिरात पुढे केली. घरबसल्या तीन महिन्यांत ‘नोटरी व पॅरालीगल’ (म्हणजे वकिलांचा मदतनीस), फी 18,000, पहिला हप्ता आजच भरल्यास सवलत. सोबत एक व्हिडिओ, त्यात अमेरिकेतली एक बाई अर्ज करून नोटरी कशी झाली ते सांगत होती.

व्हिडिओतली बाई खोटं बोलत नव्हती. अमेरिकेत बहुतेक राज्यांत नोटरी व्हायला कायद्याची पदवी लागत नाही. आपल्याकडे मात्र 1952 चा नोटरी कायदा आणि 1956 चे नियम लागू आहेत. त्यानुसार सर्वसाधारणपणे दहा वर्षं वकिली झालेल्या माणसालाच अर्ज करता येतो. महिलांना आणि अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांना ही अट सात वर्षांची आहे. नेमणूक केंद्र किंवा राज्य सरकार करतं, संख्येला मर्यादा असते, प्रमाणपत्राचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. म्हणजे नोटरी होण्याची वाट वकिलीतूनच जाते. कोणताही तीन महिन्यांचा कोर्स तिथे पोचवत नाही.

वडील वैतागले. “शिक्को मारूक वकिली कित्याक होई?”

मी उत्तर दिलं नाही, मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, “बाबा, आत्याचं हक्कसोड आठवा ना.”

मग सगळं बाहेर आलं. आत्याने जमिनीतला हिस्सा भावाला सोडला होता, स्टॅम्पपेपरवर, नोटरी करून. तलाठ्यांनी फेरफार घालायला नकार दिला. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा लागतो. सही करणारी बाई तीच आहे आणि तिने समोर सही केली, एवढं नोटरी सांगतो. हक्क त्याच्या शिक्क्याने हलत नाही. हे कोकणात घरोघरी घडतं. जमीन सामाईक, हिस्सेदार अर्धे मुंबईत, गणपतीला सगळे जमले की घाईघाईत कागद करायचा आणि तो वर्षानुवर्षं कपाटात ठेवायचा.

मुलगी पुढे बोलत राहिली. सातबाऱ्यावर आत्याचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. म्हणून दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आधी करायला हवं, ते मात्र नोटरीकडे होतं. शिवाय आठ-अ जोडायचा राहिला होता. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. केंद्रात परत आलेले अर्ज पाहून पाहून कळलेलं. मला त्या क्षणी वाटलं, हिला कोर्स विकणाऱ्याने हिच्याकडूनच शिकायला हवं.

पॅरालीगलचं मी तिला स्पष्ट सांगितलं. आपल्याकडे ते वकिलीच्या सनदेसारखं, म्हणजे परवान्यासारखं, मान्यताप्राप्त पद नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये त्या नावाची कामं असतात, पण तिथे बहुधा कायद्याचे पदवीधरच रांगेत असतात. विधी सेवा प्राधिकरणाचे पॅरा लीगल व्हॉलंटिअर असतात, त्यांना प्रशिक्षण मिळतं, पण मिळतं ते मानधन, पगार नव्हे. अनुभवासाठी उत्तम, घर चालवायला नाही. तालुक्याच्या गावात या कामाचं खरं नाव वकिलांचा कारकून. तारखा लिहिणं, नकला काढणं, दस्ताचा मसुदा टाइप करणं. पैसे थोडे, शिकायला भरपूर.

वडिलांची खरी अडचण शेवटी निघाली. तीन वर्षं एलएल.बी., मग सात वर्षं वकिली, आणि लग्न? लग्न मुंबईला झालं तर? हा प्रश्न मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही. एलएल.बी. पत्राद्वारे होत नाही, हजेरी लागते, आणि सुरुवातीची काही वर्षं तालुका कोर्टातल्या ज्युनिअरच्या हातात फारसं काही पडत नाही, हे मी लपवलं नाही. पण सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची असते. मुलगी बोरिवलीला गेली तरी तिची वकिली तिच्याबरोबर जाते. नोटरीची नेमणूक ठरावीक क्षेत्रापुरती असते, ती अशी उचलून नेता येत नाही. त्यामुळे नोटरी हे ध्येय ठरवून वकिली करायची, हा हिशोबच मला उलटा वाटतो. वकिली आवडली तर करावी, पुढे नोटरी होता आलं तर चांगलंच. त्यातच 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सिंधुदुर्ग-रत्नागिरीची कामंही तिकडे जातात. इथल्या तरुण वकिलांना मुंबईची वारी टळणं ही छोटी गोष्ट नाही.

हप्ता भरला नाही. तिने सेवा केंद्राची वेळ सकाळची करून घेतली आणि दुपारी एका दिवाणी वकिलांकडे जायला लागली. पहिले काही आठवडे नुसते वकालतनामे आणि झेरॉक्स. नंतर वकिलांनी तिला वारस तपासाचे अर्ज लिहायला दिले, कारण नावांतली तफावत तिला लगेच दिसते.

मध्यंतरी फोन आला. एलएल.बी.ची सीईटी द्यावी की जिल्हा न्यायालयाच्या कनिष्ठ लिपिक भरतीची वाट पाहावी? मी म्हटलं, सीईटीचा अर्ज भर आणि टायपिंगही सोडू नकोस. लिपिकासाठी मिनिटाला इंग्रजी 40 आणि मराठी 30 शब्दांचा वेग मागतात, आणि तुझं मराठी अजून 30 च्या खाली आहे.