गाडीतून आवाज आला की आधी पार्ट नको, ऑइल बघ

अरे, लगेच पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या बाजारात पार्ट आणायला धावू नकोस. आवाज कधी येतो ते आधी बघ. गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस दे. रेसबरोबर वाढला तर बहुधा इंजिनकडचा. फक्त चालताना, वेगाबरोबर वाढला तर चाकाचं बेअरिंग किंवा ब्रेक. नवे लोक इथेच फसतात आणि भलतंच उघडून बसतात.

मग ऑइल. सपाट जागी, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघ.

- बारीक टिकटिक: बहुधा टॅपेट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह हलवणारा भाग. ऑइल ठीक असेल तर सवडीने दाखव.
- कात्रज घाटात वरच्या गिअरमध्ये रेटताना कडकड: गिअर खाली टाक की!
- खोलवरून जड ठोके किंवा ऑइलचा लाल दिवा: इंजिन तिथंच बंद. टो करूनच ने.

आवाज मोबाइलवर रेकॉर्डही कर. मेकॅनिकसमोर गाडी हटकून गप्प बसते.