दीड महिना पावसात उभी राहिलेली गाडी आणि डाव्या चाकातली खरखर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आषाढ-श्रावणात दीड महिना गाडी मेढ्याच्या घरी अंगणात कव्हर घालून उभी होती. बाहेर काढल्यापासून आठवडा झाला, पुढच्या डाव्या चाकातून खर्र-खर्र येतंय, ब्रेक दाबला नाही तरी येतंय. आणि गॅरेजवाल्याने चाक न काढताच दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी), पॅड (तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे) आणि कॅलिपर (पॅड धरून दाबणारा भाग) बदलायला सांगितलं. थोडं थांबा. चाक उतरवून नेमकं काय घासतंय ते दिसल्याशिवाय एकही पार्ट घेऊ नका.

डिस्क बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते आणि जिथे पॅड घासतो तिथे तिला रंग देता येत नाही. त्यामुळे एका रात्रीच्या पावसातही तिच्यावर तांबूस थर येतो. हा गंज पहिल्या दहा-बारा ब्रेकांत पुसला जातो, त्याला घाबरायचं कारण नाही. तुमचा आवाज आठवडाभर टिकलाय, म्हणजे गंज दुसरीकडे कुठेतरी बसलाय. आपल्या एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास. माझ्या मेहुण्यांची गाडी माणमधल्या दहिवडीला असते, तिच्या ब्रेकमध्ये धूळ निघते, गंज जवळपास नाहीच. तुमच्या मेढ्याला, जावळीत दीड महिना ओल्या कव्हराखाली उभ्या असलेल्या गाडीचं तसं नाही. कव्हर पाऊस अडवतं, पण खालून येणारी ओल आत कोंडून ठेवतं.

आधी आवाज नीट ऐका. काच खाली करून एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीकडेने पंधरा-वीसच्या वेगाने गाडी चालवा, भिंतीवरून आवाज स्पष्ट परत येतो. तुमची डावी बाजू भिंतीकडे ठेवा. आता ब्रेक अगदी हलका दाबा. आवाज थांबला किंवा बदलला, तर पॅडकडे संशय. काहीच फरक पडला नाही, तर डिस्कमागचा पत्रा किंवा अडकलेला खडा. आणि ब्रेक दाबल्यावर आवाज वाढला, पायाला पेडलमध्ये खरखर जाणवली, तर पॅडचं मटेरियल संपून लोखंड लोखंडावर घासत असेल. तसं असेल तर गाडी तिथेच उभी करा आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा. वेगाबरोबर वाढणारी आणि स्टिअरिंग वळवल्यावर कमी-जास्त होणारी घरघर असेल तर ते बेअरिंग, तो विषय वेगळा.

मग चाक. जमीन सपाट हवी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड. नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक लावा. स्टेपनी काढून गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवा, जॅक घसरला तर गाडी तिच्यावर बसेल. आता गिअर न्यूट्रलला आणून चाक हाताने फिरवा आणि कान द्या. सलग खरखर येत असेल तर काहीतरी सारखं टेकतंय. एका फेऱ्यात एकदाच खर्र येत असेल तर डिस्कवर एका जागी डाग आहे. दीड महिना पॅड एकाच जागी टेकून होता, त्याच्याखाली ओल धरून राहिली, म्हणून तिथे हुबेहूब पॅडच्या आकाराचा गंजाचा ठसा पडतो. हलका ठसा गाडी चालवून जातो. बोट फिरवल्यावर खड्डा लागला तर मात्र डिस्क लेथवर फिरवून घ्यावी लागते किंवा बदलावी लागते. किती पातळ चालेल तो आकडा बहुतेक डिस्कवरच ठोकलेला असतो.

चाक उतरलं की डिस्कच्या मागे पातळ पत्रा दिसेल, चिखल आणि पाणी अडवायला दिलेला. हा बोटाने दाबला तरी वाकतो, आणि गंजून फुगला की डिस्कला टेकतो. चपट्या स्क्रूड्रायव्हरने हळूच मागे सारा, सगळीकडून दोन-तीन मिलिमीटर फट दिसली पाहिजे. मला तीन वर्षांपूर्वी यवतेश्वरचा घाट उतरताना असाच आवाज आला होता, मी पॅड गेले असं धरून चाललो होतो. चाक काढलं तर पत्रा आणि डिस्कच्या मधे जांभ्याचा एक खडा. एका बाजूने घासून घासून चिंचोक्यासारखा गुळगुळीत झाला होता. पत्रा सारला, खडा पडला, आवाज गेला. एक रुपयाही खर्च झाला नाही. कुणी पत्रा काढूनच टाका म्हणालं तर ऐकू नका, आपल्या चिखलात तो लागतो.

डिस्कच्या बाहेरच्या काठावर, जिथे पॅड पोचत नाही, तिथे गंजाचा कंगोरा उभा राहतो. तोही घासतो. कानशीने उतरवा.

तुमच्या गाडीत मला सगळ्यात जास्त संशय आहे तो पॅड अडकल्याचा. पॅड ज्या खाचेत सरकतो तिथे स्टीलच्या छोट्या पट्ट्या असतात. त्यांच्याखाली गंज धरला की पट्टी वर उचलते, खाच अरुंद होते आणि पॅड जाम होतो. ब्रेक सोडला तरी तो मागे येत नाही, डिस्कला चिकटून घासत राहतो. असे पॅड काढले की आतला झिजून गेलेला आणि बाहेरचा जवळपास नवा दिसतो. उपाय म्हणजे पॅड आणि पट्ट्या काढायच्या, ब्रॅकेटवरचा (त्या खाचा असलेल्या चौकटीवरचा) गंज वायर ब्रशने लख्ख लोखंड दिसेपर्यंत उतरवायचा, पट्ट्या परत बसवायच्या. पॅड बोटाने ढकलून सरकला पाहिजे. हातोडीने बसवावा लागला तर काम झालेलं नाही. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या बाहेर काढून पुसा आणि ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते. डिस्कला किंवा पॅडला तेलाचा थेंबही लागू देऊ नका. कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळू द्यायचा नाही, सुतळीने वर बांधा. सगळं बसवलं की गाडी हलवायच्या आधी पेडल टणक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा. हे विसरलात तर पहिला ब्रेक लागणारच नाही.

हे स्वतः केलेलं नसेल तर मेकॅनिककडून करून घ्या, पण शेजारी उभ्या राहा. पॅड तीन मिलिमीटरच्या आसपास आले असतील तर दोन्ही चाकांचे एकदम बदला. कॅलिपर बदलायचा तो पिस्टन (पॅडला ढकलणारा आतला दट्ट्या) मागे जात नसेल किंवा गळत असेल तरच.

आणि तोवर घाट उतरू नका, ही कळकळीची विनंती. घासणारा पॅड तापतो, ब्रेक ऑइलला उकळी फुटते आणि पेडल पायाखाली मऊ होऊन खाली जातं. सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ हात धरून बघा, टेकवू नका. पुढच्या डाव्या चाकाची धग वेगळी लागली तर पॅड अडकला असण्याची शक्यता जास्त.

पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी ठेवाल तेव्हा हँडब्रेक ओढू नका, मागच्या ब्रेकचे लायनर (घासणारे पट्टे) ड्रमला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डब्याला चिकटतात. पहिला गिअर आणि चाकांना दगड पुरे. घरच्या कुणाला तरी आठवड्यातून एकदा गाडी अंगणात पुढे-मागे करून दोन-चार ब्रेक मारायला सांगा.

चाक काढलंत की आतल्या आणि बाहेरच्या पॅडचा शेजारी शेजारी ठेवून फोटो टाका. जाडी बघून सांगतो ते चालतील का.